गाडीचं पॉलिश घरात चालतं का?

आजचा विषय घरातला आहे, पण सुरुवात हायवेवरून करू. आपलं शहागड, म्हणजे अंबड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. सोलापूर-धुळे हायवे इथंच गोदावरी ओलांडतो, पुलापलीकडे बीड जिल्हा. हायवेच्या गावात गाडी धुवायचं-चमकवायचं सामान सहज मिळतं. मग काय होतं, डॅशबोर्ड पॉलिशची अर्धी बाटली उरते, आणि कुणाला तरी वाटतं, चला, टीव्हीचं कपाटही चमकवू. कपाट झालं की सोफा, सोफा झाला की जिना, आणि सणासुदीला थेट फरशी!

तर आधी हे समजून घ्या की ती चमक येते कुठून. डॅशबोर्ड पॉलिश आणि टायर पॉलिश यात बहुतेक वेळा सिलिकॉन तेल असतं. ते घाण काढत नाही, वर एक पातळ थर सोडतं. तो थर प्रकाश परतवतो म्हणून वस्तू नवी वाटते. डॅशबोर्डवर कुणी चालत नाही, त्यामुळे तिथं तो थर बरा. फरशीवर तोच थर म्हणजे घसरगुंडी. आजी पहाटे अनवाणी उठते, पायाला थोडं पाणी असतं, खाली सिलिकॉन. खुब्याचं हाड मोडलं की या वयात ऑपरेशन, मग महिनोन्‌महिने अंथरूण. आणि हे फरशीला पॉलिश लावल्यावरच होतं असं नाही. तुम्ही कपाटावर स्प्रे मारता तेव्हा बारीक फवारा खालच्या टाइल्सवर बसतो, दिसतही नाही. म्हणून मारायचाच असेल तर कपड्यावर मारा, कपाटावर नको. जिन्याचा कठडा, बाइकची सीट, हँडल, ब्रेकची डिस्क, पॅडल, इथं तर अजिबात नको.

चुकून सांडलंच, तर नुसत्या पाण्यानं ते जात नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून दोन-तीनदा घासा, दर वेळी स्वच्छ पाण्यानं पुसा. कोरडं झाल्यावर हातानं चोळून बघा, अजून बुळबुळीत लागलं तर पुन्हा. तोवर त्या जागेवर खुर्ची आडवी ठेवा, घरातल्यांना सांगून ठेवा.

अजून एक, लाकडी दारा-खिडक्यांवर सिलिकॉन जाऊ देऊ नका. पुढं रंग किंवा पॉलिश द्यायला गेलात की रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. गाडी रंगवणाऱ्यांना विचारा, ते सिलिकॉनच्या नावानं बोटं मोडतात.

अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या उन्हानं पांढुरक्या पडतात ना? त्यांना पॉलिश लावलं की चार दिवस मस्त दिसतात. पण उन्हानं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, ते काही परत मजबूत होत नाही. उलट पायाजवळची चीर झाकली जाते. अशा खुर्चीवर पाहुण्याला बसवू नका, बस.

आता चाकांचा क्लीनर. यातले काही ॲसिडवाले असतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी, ओट्याला कडप्पा. हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की फसफसून दगडच खाल्ला जातो, डाग कायमचा. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइट वेगळा दगड आहे, तो बराच टिकतो, पण म्हणून प्रयोग करायची गरज नाही. आणि बाथरूमच्या ॲसिडवाल्या क्लीनरमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

सगळंच वाईट आहे असं मात्र नाही हं. बोअरच्या जड पाण्यानं नळांवर, बाथरूमच्या काचेवर पांढरे डाग धरतात. आधी व्हिनेगरनं ते काढा (खाली शहाबादी किंवा कडप्पा असेल तर थेंब पडू देऊ नका), धुवा, कोरडं करा, मग गाडीचं साधं वॅक्स अगदी पातळ लावून पुसा. पाण्याचे थेंब ओघळून जातात, क्षार उशिरा बसतो. सनमायकाच्या कपाटालाही वॅक्स चालतं. पण ताटं, पोळपाट, ओटा, फ्रिजच्या आतला भाग, इथं नाही. कुणी म्हणेल, कार्नोबा मेण तर ब्राझीलच्या ताडाच्या पानांचं, गोळ्या-चॉकलेटवरही लावतात! बरोबर आहे. पण गाडीच्या डब्यात त्या मेणासोबत सॉल्व्हंटही असतात, ते पोटात जायचे नाहीत. गॅसजवळ तर डबा उघडूसुद्धा नका.

मायक्रोफायबर कपडा मात्र घरात खुशाल वापरा. फक्त गाडीचा वेगळा, घरचा वेगळा. चाकाची रेती अडकलेला कपडा टीव्हीवर फिरवलात तर ओरखडे ठरलेले.

दाराची बिजागरी करकरते तेव्हा डब्ल्यूडी-40 आठवतो. नावाची गंमत माहितीय? 1953 साली अमेरिकेत गंज रोखायला, पाणी हटवायला ते बनवलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून 40. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला लावायचे. बिजागरी त्यानं सुटते, पण ते पातळ असल्यानं लवकर उडून जातं. नंतर थोडं ग्रीस किंवा मशीनचं तेल घाला. चालू स्विच आणि पेटता गॅस यांच्यापासून लांब.

शेवटचं, आणि मला यातलं सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं ते हेच. वॉशिंग सेंटरवरून शाम्पू, कूलंट, क्लीनर सुटं आणायचं, आणि तेही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत! रंग सरबतासारखा. त्यात कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, आणि किडनी निकामी करणारं विष. लहान पोर तहानलं की बाटली ओळखत नाही. मूळ डब्यातच ठेवा, नाव वाचता येईल असं, आणि लेकरांच्या हाती लागणार नाही इतक्या उंचावर. कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, दूध-मीठपाणीही पाजत बसू नका. 108 ला फोन करा आणि ती बाटली सोबत दवाखान्यात न्या, डॉक्टरांना त्यावरूनच कळतं काय पोटात गेलं ते.

आजच्यापुरतं एवढंच. घरात अशी एखादी बाटली असेल तर आत्ता पॉज करून बघून या. भेटू पुढच्या भागात.