गादीवरचा माणूस आणि त्याचे हृदय

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे केला आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. 'व्यापारी आणि आरोग्य' हा विषय आयोजकांनी माझ्याकडे सोपविला आहे. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या गादीवर बसलेला माणूस आहे. परंतु आकडे वाचण्याची सवय आपणा सर्वांनाच असते. वैद्यकीय संशोधनातील काही आकडे व्यापाऱ्याच्या नजरेने वाचले असता त्यांतून काय निघते, एवढेच मी आपणापुढे मांडणार आहे.

आपल्या समाजात तीन गोष्टींचा मोठा भरवसा आहे. आपण शाकाहारी आहोत, आपण निर्व्यसनी आहोत, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण अंगाने सडपातळ आहेत. तेव्हा मधुमेह आणि हृदयविकार आपल्या वाटेला येणार नाहीत, असे आपण धरून चालतो. या तीनही गोष्टी जमेच्या बाजूच्या आहेत, यात शंका नाही. परंतु खर्चाच्या बाजूला एक रक्कम अशी आहे की, ती कोणीच वहीत लिहीत नाही. ती म्हणजे आपली बैठक. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत गादीवर बसून राहणे.

प्रथम सडपातळपणाचा विचार करू. या बाबतीत जगाला नवी दृष्टी देणारे काम आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या नवजात बालकांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांशी त्यांनी तुलना केली. आपल्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तिकडील बाळांचे ३.५ किलो भरले. आपले बाळ वजनाने, उंचीने, स्नायूंनी लहान होते. मात्र त्याच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 'बारीक तरी चरबीयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना वैद्यकशास्त्रात रूढ झाली.

पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के निघाली, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याने दोघांना एकच भाव दिला. माल मात्र निराळा होता.

हा फरक महत्त्वाचा का? आपण जेवलो की रक्तातील साखर वाढते. इन्सुलिन नावाचा स्राव ती साखर पेशींमध्ये पोहोचवितो आणि तिचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे आपले स्नायू. स्नायू कमी असले आणि पोटातील अवयवांभोवती व यकृतात चरबी साठली, म्हणजे इन्सुलिनचा अंमल चालेनासा होतो. साखर वाढते, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते, हितकारक कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो. या साऱ्यांच्या एकत्र येण्याला डॉक्टर 'मेटॅबॉलिक सिंड्रोम' म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकार ही आपल्याला दोन वेगळी दुकाने वाटतात. त्यांचे गोदाम एकच आहे.

माझे थोरले बंधू अंगाने किडकिडीत होते. सुपारीचेही व्यसन नव्हते. त्यांच्या सदऱ्याचे माप तिशीत जे होते तेच पन्नाशीत राहिले. फक्त धोतर जाऊन पँट आली तेव्हा पोटाचा लहानसा घेर दिसू लागला. त्या घेराकडे पाहून घरात सारे 'सुख लागले' असे म्हणत. लग्नसराईच्या ऐन गर्दीत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने ते गेले. त्यांच्या रक्तातील साखर तोवर कोणी कधी तपासली नव्हती, कारण त्यांच्याकडे पाहून ती तपासावी असे कोणाला वाटले नसते. अशी उदाहरणे आपल्या बाजारपेठेत इतर घरांतही आहेत. नावे घेण्याची आवश्यकता नाही.

आता बैठकीकडे वळू. १९५६ साली ज्याँ मेयर या शास्त्रज्ञाने, पूर्णिमा रॉय आणि कामाख्याप्रसाद मित्रा यांच्यासह, कलकत्त्याजवळील चेंगाइल येथील एका ताग गिरणीतील २१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तागाचे जड गठ्ठे वाहणारे मजूर होते, कारकून होते, आणि दिवसभर आपल्या ठेल्यावर बसणारे दुकानदारही होते. अंगमेहनत कमी तर भूक कमी, असा आपला समज असतो. येथे उलटे दिसले. बसून राहणारे दुकानदार हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक जेवत होते, जवळजवळ जड काम करणाऱ्यांइतके, आणि वजनाने सर्वांत भारी गटांत मोडत होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा तराजू बिघडतो, असा त्याचा अर्थ. सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेले ते वर्णन वाचताना आपल्याच दुकानाचे चित्र समोर उभे राहते.

त्याच सुमारास लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करीत होते. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. पगार, वस्ती, राहणी साधारण सारखी. १९५३ साली निष्कर्ष आले, ते असे की वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी होता आणि जो झाला तो उशिरा व सौम्य होता. कापडवाल्यांना रुचेल अशी गोष्ट पुढे आहे. १९५६ साली याच मंडळींनी कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारीची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. मात्र केवळ कंबरेच्या मापाने हृदयविकारातील सगळा फरक उलगडत नव्हता. हालचालीचा स्वतःचा म्हणून काही लाभ होताच. डॉ. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत आणि २००९ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी निवर्तले.

बंधू-भगिनींनो, मापपट्टी तर आपल्या गळ्यातच असते. तिचा उपयोग आपल्यासाठी करावा, ही माझी पहिली विनंती. पँटची कंबर हे खरे माप नव्हे, कारण पोट सुटले की पट्टा खाली सरकतो आणि माप तेच राहते. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, उभे राहून पट्टी लावावी. पुरुषाचे माप ९० सेंटिमीटर किंवा अधिक, आणि स्त्रीचे ८० किंवा अधिक भरले, तर सावध व्हावे. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असली तर ती मधुमेहाची पूर्वसूचना होय. १२६ वा त्याहून अधिक असल्यास डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार (२०२३) भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वसूचना मिळालेले लोक आहेत. म्हणजे काठावर उभे असलेले अधिक आहेत, आणि काठावरून परतता येते.

कसे परतता येते, याचा पुरावा चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात आहे. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काठावरच्या ५३१ भारतीयांचे चार गट केले. ज्यांना केवळ सामान्य सल्ला दिला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांनी रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आहारात संयम पाळला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ४०.५ टक्के, आणि दोन्ही करणाऱ्यांत ३९.५ टक्के. अर्थात चालण्याने आणि संयमाने गोळीइतकेच काम केले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे घटले नव्हते, तरीही लाभ झाला. याचे कारण असे की चालताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो. मात्र ज्यांना गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे ऐकून त्या परस्पर बंद करू नयेत.

दुकान सोडून व्यायामशाळेत जाणे सर्वांना जमणार नाही, हे मी जाणतो. परंतु आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास भरभर चालले, की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटे भरतात. भंडाऱ्यात उन्हाळ्यात पहाटेशिवाय चालणे नको वाटते. तेव्हा पहाटे खांब तलावाकडे जावे. दुपारी आणि रात्री जेवणानंतर दहा मिनिटे शतपावली घालावी. दुकानात गिऱ्हाईक नसताना अर्ध्या तासाने एकदा उठावे. पाण्याचा पेला स्वतः आणावा, वरच्या फळीवरचा तागा अधूनमधून स्वतः काढावा, भ्रमणध्वनीवर उभ्याने बोलावे. ऑस्ट्रेलियात २०१२ साली झालेल्या एका प्रयोगात, बसलेल्या माणसांनी दर २० मिनिटांनी दोनच मिनिटे चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, असे आढळले. चालताना छातीवर दाब आला, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ गेली, तर ते अपचन समजून सोडा-लिंबू घेत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आहाराविषयी थोडे. आपला जिल्हा भाताचा. पुष्कळ जण साखर वाढली की भात सोडून पोळ्या वाढवितात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आहार-पाहणीत असे दिसले की, आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि तांदळाऐवजी गहू वा भरड धान्य घेतल्याने, एकूण कर्बोदके तेवढीच राहिली तर, मधुमेहाचा धोका कमी होत नाही. त्यांतील थोडा भाग डाळी आणि दूध-दुभत्यातील प्रथिनांनी भरून काढला तर होतो. द्विदलाचा विवेक सांभाळून आपल्या स्वयंपाकात हे सहज करता येईल. शाकाहाराची एक उणीवही ध्यानात ठेवावी. पुण्यात पुरुषांच्या एका अभ्यासात (२००६) सुमारे दोन तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. हातापायांना मुंग्या येत असतील तर ही तपासणीही करून घ्यावी.

आपल्या व्रतांविषयी आदर राखूनच एक गोष्ट सांगतो. चौविहार पाळणाऱ्यांचे रात्रीचे जड जेवण टळते, ही फार मोठी जमा आहे. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपवास केला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून अशा बंधू-भगिनींनी पर्युषणात पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि घरच्यांना विश्वासात घ्यावे. पारण्याच्या दिवशी एकदम गोडाधोडाचे ताट पुढे ठेवू नये, ही विनंती श्राविका भगिनींना. त्यांनी स्वतःकडेही पाहावे. पुण्याच्या अभ्यासाचा मूळ धडा हा आहे की, आईच्या पोषणातून पुढच्या पिढीचे आरोग्य घडते. घरात सर्वांना वाढून उरलेले खाणारी सून ही त्या साखळीतील पहिली कडी आहे. गरोदरपणात तिच्या साखरेची तपासणी अवश्य व्हावी.

शेवटी, सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संस्थेच्या सभागृहात कंबर, वजन, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर मोजण्याची सोय व्हावी. नोंद गुप्त राहावी. दुसरी, पावसाळ्यात सकाळी सहा ते सात सभागृह चालण्यासाठी खुले असावे. तिसरी, स्वामीवात्सल्याच्या भोजनात एक मिष्टान्न कमी करून डाळीचा एक पदार्थ वाढवावा. पहिल्या वर्षाच्या साखर-तपासणीच्या पट्ट्यांचा खर्च मी आणि माझे बंधू-परिवार आनंदाने उचलू.

दरवर्षी दिवाळीला आपण वहीपूजन करतो आणि मालाची मोजदाद करून मगच नव्या वहीवर 'श्री' लिहितो. येत्या दिवाळीला त्या मोजदादीत घरातील प्रत्येक माणसाच्या कंबरेचे माप धरावे, एवढे सांगून मी माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र!