देवरायांचे अभ्यासक डॉ. वर्तक

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलुखात, सरकारी हुकमाने नव्हे तर केवळ देवाच्या धाकाने जेथील वृक्षराजी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली, त्या देवरायांना वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी स्थान मिळवून देण्याचे श्रेय पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील डॉ. वा. द. वर्तक यांना प्रामुख्याने द्यावे लागेल. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांसह लिहिलेला त्यांचा सह्याद्रीतील देवरायांवरील शोधनिबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला; परंतु राईतील गारंबीच्या अजस्र वेलाइतकेच गावकऱ्यांच्या श्रद्धांना आणि आख्यायिकांनाही या विद्वानाने अभ्यासविषय मानले, हे मला अधिक मोलाचे वाटते. तीच श्रद्धा स्मरून, देवराईतील मंदिराचा जीर्णोद्धार योजणाऱ्या ग्रामस्थांनी लाकडासाठी त्याच राईवर कुऱ्हाड चालवू नये, एवढी विनंती.