नकाशावर सही करण्याआधी

(कामरगाव येथे संघाच्या सर्वसाधारण सभेत बांधकाम समितीच्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

अध्यक्ष ताई, सगळ्या ग्रामसंघांच्या ताया, आणि मंडपात सावली न मिळाल्यामुळे मागे पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या माझ्या बहिणींनो,

आपल्याला बसायला स्वतःची जागा नाही, हे आज पुन्हा दिसलंच. म्हणून इमारतीचंच बोलते.

संघाने ठराव केला. डाळ मिलचं शेड, माल ठेवायला गोदाम आणि बैठकीला एक हॉल बांधायचा. पैसे कुठून आले ते तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याच हप्त्यांतून आणि व्याजातून आले. आता समितीने आर्किटेक्ट नेमायचं म्हटलं, तर चार जणींनी मला रस्त्यात धरलं. "ताई, आपला मिस्त्री काय वाईट आहे? त्याने अर्धं गाव बांधलं. कागदावर रेघा मारायचे पैसे कशाला?"

बरोबर आहे तुमचं विचारणं. मीही एकेकाळी हेच म्हणत होते.

आमच्या गटाने मागे पापडासाठी एक शेड बांधलं. त्याचा नकाशा ठेकेदारानेच काढला, वहीच्या पाठकोऱ्या पानावर, चहा येईपर्यंत. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. नकाशा कोणालाच कळला नव्हता, पण तसं बोलायची लाज वाटली. पाया काळ्या मातीतच थांबला, खाली मुरूम लागेपर्यंत खोदलाच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला अशी भेग पडली की बोट जाईल. टिन इतकं खाली की एप्रिलमध्ये सकाळी अकरानंतर आत बसवत नव्हतं. दार पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन सरळ आत. आणि संडास? "तो शेवटी बघू" म्हणाले. शेवटी पैसेच उरले नाहीत. ज्या शेडमध्ये पापड लाटायचे होते, तिथे आज कुटार भरलं आहे. कर्जाचे हप्ते मात्र आम्ही पूर्ण फेडले.

ठेकेदाराला मी दोष देत नाही, असं नाही. पण त्याला बांधायचं होतं, त्याने बांधलं. आमच्या बाजूने बोलणारं, आमच्यासाठी मोजणारं माणूसच तिथे नव्हतं.

आपली काळी माती कशी आहे, हे शेतात राबणाऱ्या बाईला शिकवायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. आता विचार करा, तीच माती भिंतीच्या खाली आहे. वरचं सिमेंट कितीही महाग वापरा, खालची जमीनच वर-खाली होत असेल तर भिंत फाटणारच. पाया किती खोल न्यायचा, खाली काय भरायचं, हे जागेवर खड्डे घेऊन माती पाहिल्यावरच ठरतं. शेजाऱ्याचा पाया किती खोल आहे ते विचारून ठरत नाही.

आता कोण काय करतं ते समजून घ्या, कारण इथे फार गल्लत होते. इमारत कशी असावी, कुठे काय यावं, उजेड-वारा कुठून यावा, हे आर्किटेक्ट ठरवतात. मराठीत वास्तुविशारद म्हणतात. पाया, कॉलम, बीम, सळई किती जाडीची, याचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनियर करतो. बांधतो ठेकेदार. हात मिस्त्रीचा आणि आपल्या मजूर बायांचा. ही चारही कामं एकाच माणसाकडे दिली तर चूक दाखवणार कोण?

आपल्या देशात यासाठी १९७२ चा कायदा आहे. त्याप्रमाणे ज्याची नोंद कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे आहे, तोच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकतो. नकाशे दुसरंही कोणी काढू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की कायदा हे नाव लावण्यावर बंधन घालतो, काम करण्यावर नाही. म्हणून बोर्ड पाहून भुलू नका. नोंदणी क्रमांक मागा. तो 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचं वर्ष असतं. मागायला लाजू नका, आपण बँकेत आधार कार्ड दाखवतो तसंच आहे ते.

आणखी एक गोष्ट, ही मला फार उशिरा कळली. आर्किटेक्टच्या वागणुकीचे १९८९ चे नियम आहेत. त्यांत ठेकेदाराकडून किंवा माल विकणाऱ्याकडून कमिशन घ्यायला मनाई आहे. म्हणजे त्यांची फी फक्त आपल्याकडून जाते, आणि म्हणूनच ते आपल्या बाजूचे असतात. कोणी म्हणालं, "फी देऊ नका, ठेकेदार मात्र मी सांगतो तोच घ्या," तर तिथून उठा. फुकटाची फी विटेत आणि सळईत वसूल होते.

समितीने तिघांशी बोलणं केलं. पहिल्याने मोबाईलवर काचेच्या इमारतीचे फोटो दाखवले. आमच्यातली एक म्हणाली, "भाऊ, ही काच पुसणार कोण?" दुसरे चांगले होते, पण कामाच्या जागेवर यायला तयार नव्हते. तिसऱ्या मॅडम आल्या, जागेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, खोल्या किती हव्यात ते नंतर सांगा. आधी सांगा, तुमच्या कामाचा दिवस कसा जातो?"

तिथून पुढे दोन तास आम्हीच बोललो. तुरीचं पोतं कोण उचलतं, कुठून कुठे नेतं. डाळ भिजवली की वाळवायला किती जागा लागते, आणि अवकाळी पाऊस आला तर ती किती वेळात आत घ्यावी लागते. मिलची भुकटी उडते, मग बैठकीचा हॉल तिच्या वाऱ्याला नको. लेकरू सोबत आणणारी बाई त्याला कुठे निजवणार. पाळीच्या दिवसांत पाणी असलेला संडास जवळ हवा, पण पुरुषांच्या बैठकीसमोर त्याचं दार नको. संध्याकाळी उशीर झाला तर गेटपर्यंत उजेड हवा. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मला तेव्हा वाटलं, आपण पापडाच्या शेडच्या वेळी यातलं एकही वाक्य बोललो नव्हतो. कारण कोणी विचारलंच नव्हतं, आणि आपणही सांगितलं नव्हतं.

न विचारता बांधलं की काय होतं, ते आपल्या महाराष्ट्राने फार मोठ्या दुःखातून पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर माळवदाचं ओझं, झोपेतच अंगावर आलं. नंतर ५२ गावं नव्या जागेवर वसवली. घरं मजबूत झाली, पण सरळ रस्ते, एकासारख्या रांगा, शेजार लांब गेला, ढोरांना आणि चुलीला जागा नाही. पुढे लोकांनी आपलं आपण पडव्या जोडल्या.

बाकीच्या गावांत मात्र घर पाडायचं नव्हतं, दुरुस्त करून मजबूत करायचं होतं. तिथे घरमालकालाच पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे आणि काम त्यानेच करून घ्यायचं. पण इंजिनियरची भाषा घरात कोणाला कळेना. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांत महिला मंडळाच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. त्या घरोघर गेल्या. भिंतीत आरपार जाणारा दगड का घालायचा, दारा-खिडक्यांच्या वरून सगळीकडे फिरणारा पट्टा का हवा, हप्ता कधी मिळतो, हे त्यांनी समजावलं आणि काम तपासलं. त्या काही इंजिनियर नव्हत्या. आपल्यासारख्याच होत्या. पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा यांतल्या काही बाया तिकडच्या बायांना सांगायला गेल्या.

मी हे अशासाठी सांगते की "आपल्याला त्यातलं काय कळतं" हे वाक्य आपण आता सोडावं.

नकाशा न कळणं ही लाजेची गोष्ट नाही. वरून छप्पर काढलं तर घर कसं दिसेल, तसं ते चित्र असतं. दाराची कमान आणि खिडकीच्या रेघा ओळखायला अर्धा तास पुरतो. तरीही कागदावर दहा फूट आणि वीस फूट सारखंच वाटतं. म्हणून मॅडमना आम्ही अट घातली आहे की सही करण्याआधी सगळा नकाशा जागेवर फक्कीने आखून द्यायचा, खरा जेवढा तेवढा. भिंत कुठे, दार कुठे, वाळवणाचा ओटा कुठे. मग आपण त्यातून चालायचं. आता रेघ पुसायला फडकं पुरतं. जोतं बांधल्यावर भिंत सरकवायची म्हटली तर हातोडाही लागतो आणि पैसेही.

उन्हाचंही सांगून ठेवते. सेवाग्रामला सहलीला गेलेल्या तायांना बापूकुटी आठवत असेल. माती, बांबू, वर कवेलू, बाहेर वणवा असला तरी आत बसवतं. आपलं शेड मातीचं नाही होणार, मशीन बसवायचं आहे. पण छप्पर उंच, वरून गरम हवा निघायला वाट, पश्चिमेला पडवी किंवा झाड, हे मागायला जास्तीचा खर्च फार येत नाही. मागितलं मात्र पाहिजे.

करार लेखी करतो आहोत. फी किती, कोणत्या टप्प्याला किती, कोणकोणते नकाशे मिळणार, बांधकाम चालू असताना किती वेळा येणार. ठेकेदाराचं बिल मॅडमनी मोजून सही केल्याशिवाय संघ चेक काढणार नाही. आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत आपल्याकडे राहील. ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी आधी, खड्डा नंतर, यावर मी कोणाचं ऐकणार नाही.

आर्किटेक्ट रोज येणार नाहीत. रोज आपण आहोत. साईटवर एक रजिस्टर राहील. सिमेंटच्या किती गोण्या आल्या, गिट्टी-रेती किती ब्रास उतरली, कोणी पाहिली. स्लॅब आणि कॉलमला पाणी मारायचं काम तर आपण पाळीनेच घ्यावं असं मला वाटतं. सध्या मिळतं ते बरंचसं सिमेंट मिश्र प्रकारचं असतं, त्याला किमान दहा दिवस ओल हवी. दोन दिवस मारून तिसऱ्या दिवशी विसरणं, हे मी डोळ्याने पाहिलं आहे. आणि सूचना देणारी एकच ताई. दहा जणींनी मिस्त्रीला दहा गोष्टी सांगितल्या तर तो अकरावीच करतो.

तर या गुरुवारी सकाळी आठ वाजता, ऊन चढायच्या आत, मॅडम जागेवर फक्की टाकणार आहेत. प्रत्येक ग्रामसंघातून दोघी तरी या. ज्या मिलवर काम करणार आहेत त्यांनी तर याच. येताना एक रिकामी पाटी आणि एक भरलेलं पोतं आणा. पोतं डोक्यावर घेऊन दारातून आत जाऊन बघू. ज्यांचं लेकरू लहान आहे त्यांनी त्यालाही आणा, कुठे निजतं ते तिथेच ठरवू. चहा संघाकडून.