हार्ड डिस्क दिसत नाहीं तेव्हां

वालीवच्या औद्योगिक वसाहतींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लहानसा कारखाना आहे. परवां त्याच्या लॅपटॉपवरील विंडोज सुरूच होईना. ती प्रणाली नव्यानें बसवावयास घेतली, तों डिस्कची यादी कोरी! ‘गुरुजी, तीन वर्षांचे हिशेब बुडाले,’ असें म्हणून तो नवी डिस्क आणावयास निघाला. मी म्हणालों, ‘थांब. आधीं बायोस उघडून पाहा.’

हीच पहिली परीक्षा. बायोसमध्यें डिस्कचें नांव नसेल, तर ती सैल बसली आहे कीं बिघडली आहे, तें पाहावें. नांव असेल, तर डिस्क जिवंत आहे. केवळ तिच्याशीं बोलण्याची भाषा बसविणाऱ्या प्रोग्रामला अवगत नाहीं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून (२०२०) अनेक लॅपटॉपांत डिस्क ‘व्हीएमडी’ नामक नियंत्रकामागें असते. अशा वेळीं लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ‘रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर घ्यावा, पेनड्राइव्हवर उलगडून ठेवावा व ‘लोड ड्रायव्हर’ निवडावें. २००१ सालच्या एक्सपीच्या वेळींही एफ-६ ची कळ दाबून फ्लॉपीवरून असेंच करीत.

तसें करतांच डिस्क दिसूं लागली. परंतु दिसतांच ‘फॉरमॅट’ करूं नये. आम्हीं शिफ्ट व एफ-१० दाबून आज्ञांची खिडकी उघडली, हिशेब पेनड्राइव्हवर उतरविले आणि मगच पुढें गेलों. डिस्क बिटलॉकरनें बंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली आधीं हाताशीं हवी.

उत्तर न देणाऱ्या मुलाला ‘ढ’ ठरविण्याची घाई मींही पुष्कळदां केली आहे. दोष बहुधा माझ्या विचारण्यांत असे.