चैत्रातली गडाची वाट

रामनवमी जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर भगवे झेंडे दिसू लागतात. कुठे निघालात म्हणून विचारा, उत्तर एकच: गडावर. वणीच्या गडावरच्या सप्तशृंगी देवीचं माहेर खान्देश, अशी आपल्याकडची श्रद्धा. म्हणून चैत्रोत्सवात माहेरची माणसं पायी तिच्या भेटीला जातात.

खरं सांगू का, या यात्रेतला डोंगर त्या मानानं सोपा. नांदुरीचा घाट चढला, वरच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या चढल्या, की अठरा भुजांची आदिमाया समोर. २०१८ पासून तर ट्रॉलीसुद्धा आहे. माणसाचा कस लागतो तो खालच्या सपाट रस्त्यावर. जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे. मग लळिंगचा घाट, मालेगाव, देवळा, कळवण. चैत्रात इथला पारा चाळिशी ओलांडतो, आणि कित्येकांचा नवस अनवाणी चालण्याचा!

जुन्या माणसांनी वेळ मात्र हिशेबानं धरलेली आहे. गहू-हरभरा घरात आलेला, शेत मोकळं. शुद्ध पक्ष, म्हणजे दिवस मावळतो तोवर चांदणं हजर. दुपारभर निंबाच्या सावलीत पडायचं, ऊन कललं की निघायचं. मुक्कामाला सुई-दोरा बाहेर येतो. तळपायाच्या फोडातून दोरा ओवायचा आणि तसाच ठेवायचा. पाणी झिरपून जातं, कातडी शाबूत राहते. डॉक्टर नाक मुरडतील, पण पायी जाणारे अजून हेच करतात. वाटेवरच्या गावांत ताक, टरबूज, जेवण आग्रहानं मिळतं.

खराखुरा कडा चढतो तो दरेगावच्या गवळी-पाटील घराण्यातला मानकरी. चतुर्दशीच्या रात्री तो कीर्तिध्वज घेऊन साडेचार हजार फुटांवरच्या शिखराकडे निघतो. तिथं धड पायवाट नाही. सकाळी ध्वज फडकताना दिसला, की खालच्या गर्दीत जयजयकार होतो.

अलीकडे दिंडीपुढे डीजेची गाडी असते. मला ते पटत नाही. त्या दणदणाटात मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकूच येत नाही, आणि धुळे ते मालेगाव ही वाट म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आहे. तेव्हा यंदा जाणाऱ्यांना एवढीच विनंती: रात्री समोरची वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं, एका रांगेत चाला. पाठीवर चमकणारी पट्टी लावा. आणि दुपारी बारा ते चार पाऊल उचलू नका.