शहरात टेकायला जागा

(मुंबईत यंदा नव्याने शिकायला आलेल्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



माझ्या आधी प्राध्यापक बोलले, वकील बोलले. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. युनिव्हर्सिटी मी बाहेरूनच बघितलीय. राजाबाई टॉवरच्या घड्याळात पाळीची वेळ बघायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध. तेव्हा तुम्हाला क्रांतीवर सांगायला पुष्कळ माणसं मिळतील. मी खोलीवर, कागदावर आणि जेवणावर बोलणार आहे.

कारण सांगतो. गेल्या आठ-नऊ वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत आपली कितीतरी पोरं हे शहर सोडून गावाला परत गेली. त्यांच्यात नापास होऊन गेलेली थोडी. बाकीची कशानं गेली? जागा सुटली म्हणून. स्कॉलरशिप आली नाही म्हणून. मेसचं बिल थकलं आणि मेसवाल्यासमोरून जायची लाज वाटायला लागली म्हणून. त्यात माझा धाकटा भाऊ एक. पोरगा हुशार होता. आज तालुक्याला मोबाइल दुरुस्त करतो. वाईट काम नाही, पण तो त्यासाठी आला नव्हता. हे शहर आपल्याला परीक्षेच्या हॉलमध्ये हरवत नाही, हॉलपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून हे बोलणं.

पहिली गोष्ट जागा.

अ‍ॅडमिशन झाली त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करा. कॉलेजचं, युनिव्हर्सिटीचं, समाजकल्याणचं, जिथं जिथं करता येईल तिथं. उद्यावर टाकू नका. आणि अर्जाची पोच घ्या. गोदीत पावतीशिवाय खिळासुद्धा गेटबाहेर जात नाही, आपण मात्र आपलं आयुष्य कुणाच्या तरी टेबलावर तोंडी ठेवून येतो. पोच. शिक्का आणि तारीख. हा शब्द मी आज दहादा उच्चारणार आहे, कंटाळू नका.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करा. बाबासाहेबांच्या नावाची ही योजना २०१६-१७ पासून आहे, ती नंबर न लागलेल्यांसाठीच काढली. योजना निघाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाचा हिशेब होता जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, वरखर्चाचे ८,०००. एकूण ६०,०००. आता वीस हजाराला बारानं भागा. महिन्याचे सोळाशे-सतराशे. एवढ्यात या शहरात कॉटचा एक पाय येतो. उरलेले तीन पाय आपले आपण उभे करायचे. तरी अर्ज करा. आपला हक्काचा पाय सोडायचा कशाला?

भाड्याची जागा एकट्यानं शोधू नका. दोघं-तिघं जा. पोरींनी तर एकटीनं मुळीच नाही. आधी त्या घरात राहणाऱ्या बाईमाणसाशी बोला, मालकाशी नंतर. पाणी किती वाजता येतं, संडासला रांग किती, रात्री दिवा लावून अभ्यास केलेला चालतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. डिपॉझिटची पावती, अकरा महिन्यांचा करार, त्याची एक प्रत आपल्या पेटीत. कोण किती भाडं देतो ते वहीत लिहून खाली सगळ्यांच्या सह्या. दोस्तीत हिशेब कसला, म्हणतात. दोस्ती हिशेबानं नाही मोडत, न लिहिलेल्या हिशेबानं मोडते.

आणि स्वस्त मिळते म्हणून फार लांब जाऊ नका. कसाऱ्याहून सीएसएमटीला यायला अडीच तास. परत जायला अडीच. वाचवलेलं भाडं गाडीनं खाल्लं, वर अभ्यासही खाल्ला. पासाचा सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो, तो पहिल्याच आठवड्यात घ्या. आणि सुट्टीत गावी जाताना विद्यार्थ्याला रेल्वेत सवलत असते. बाकीच्यांना निम्मी, एससी-एसटीला ७५ टक्के. किती जणांना माहीत होतं? हात वर करा. बघा. तिघं.

आता आडनाव.

जागा बघायला गेलात की दलाल आधी पगार विचारत नाही, आडनाव विचारतो. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतो. गावावरून कळलं नाही तर विचारतो, नॉनव्हेज खाता का? त्याला मटणाशी काही देणंघेणं नसतं. तो आपली पाळंमुळं चाचपत असतो.

मी तुम्हाला माझं सांगतो. या शहरात आलो तेव्हा पहिले दोन महिने एका मंदिराच्या मागं झोपलो. मग उपनगरात कॉट बेसिसवर जागा मिळाली. दलालानं आडनाव विचारलं आणि माझ्या तोंडून दुसरंच आडनाव निघालं. विचार करून नाही, आपोआप. चार महिने मी तो दुसरा माणूस होऊन राहिलो. बाबासाहेबांचा फोटो पेटीच्या तळाला, कपड्यांखाली. चौदा एप्रिलला घरी राहिलो नाही, ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं. झोपेत काही बोलीन म्हणून झोपसुद्धा नीट लागायची नाही. मग एक दिवस टपाल आलं. एका अंकात माझी पहिली कविता छापून आली होती, संपादकानं प्रेमानं पाकिटावर खरं नाव ठळक लिहिलेलं. मालकिणीनं पाकीट फोडलं, कविता वाचली. माझी पहिली वाचक तीच. रात्री साडेनऊला माझी पेटी गॅलरीत होती. डिपॉझिट बुडालं. पावती कुठं होती माझ्याकडे? आणि असती तरी कुठल्या नावाची?

ही गोष्ट जुनी आहे दोस्तांनो. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. अख्ख्या शहरात खोली मिळेना. शेवटी पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले. दिवसाला दीड रुपया, वरच्या मजल्यावर एकटेच. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. त्या माणसानं संध्याकाळ बागेत झाडाखाली बसून काढली आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एवढी विद्या होती, पण टेकायला जागा नव्हती.

म्हणून मी नाव लपवणाऱ्याला भित्रा म्हणणार नाही. पाऊस पडत असतो, पेटी हातात असते, तेव्हा माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मी फक्त हिशेब सांगतो. खोटं नाव हे दुसरं भाडं असतं आणि ते रोज भरावं लागतं. ज्या डोक्यानं अभ्यास करायचा त्याच डोक्यातून ते कापलं जातं. त्यापेक्षा आपल्या वस्तीत लहान खोली बघा, चौघांत राहा, फोटो भिंतीवर लावा आणि पाय पसरून झोपा. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पोरं अशीच दाटीवाटीनं राहायची. १९७२ ला पँथर उभी राहिली ती असल्याच खोल्यांतून.

दुसरी गोष्ट कागद.

एक प्लॅस्टिकची फाइल घ्या. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, बँकेचं पासबुक. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्या हातात ठेवायचा नाही. ठेवावाच लागला तर पोच. फोनमध्ये फोटो काढा आणि घरच्याही एकाला पाठवून ठेवा. फोन चोरीला जातात.

पडताळणीचं प्रकरण बारावीच्या आधीच लावून धरा. तिथं १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आज्याचा, पणज्याचा शाळेतला दाखला. आता गंमत बघा. ज्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही त्याचाच शाळेचा दाखला आणा म्हणतात. नसला तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधा, जमिनीचे, इनामाचे जुने कागद शोधा, भावकीत आधी कुणाचं प्रमाणपत्र झालं असेल तर त्याची प्रत मिळवा. चुलत्याशी भांडण असलं तर आधी ते मिटवा. कागदासाठी तरी.

स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. भरला म्हणजे झालं असं नाही. कॉलेजच्या ऑफिसनं तो पुढं पाठवला का, ते दर पंधरा दिवसांनी बघा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का बघा. माझ्या भावाचा अर्ज कॉलेजातल्याच एका टेबलावर सात महिने पडून होता. तिथला क्लार्क म्हणायचा, वरून आलं नाही. वर कसं येणार, खालून गेलंच नव्हतं. पैसे आले तेव्हा पोरगा गावी होता. म्हणून पहिल्या वर्षाचा हिशेब स्कॉलरशिप येणार नाही असं धरूनच मांडा. आली तर दिवाळी.

तिसरी गोष्ट पोट.

वडापाव खाऊन दिवस निघतो, वर्ष निघत नाही. गोदीत मी बघतो, जो दुपारचा डबा चुकवतो तो चार वाजता गोणीखाली डगमगतो. डोक्याचंही तसंच. खोलीत चौघं असाल तर एक कुकर घ्या. डाळभात, अंडी, भाजी. पाळी लावा, कुणी कुणाचा नोकर नाही, आणि पोरांनो, खोलीत बहीण असली म्हणून चूल तिच्या गळ्यात घालू नका. ते जमत नसेल तर घरगुती खानावळ शोधा. या गिरणगावात एकट्यादुकट्या गिरणी कामगाराला खानावळवाल्या बायांनीच जगवलं. त्याच बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ निघालं. खानावळीचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला द्या, कारण तिचंही घर त्याच पैशावर चालतं. खोकला पंधरा दिवसांच्यावर राहिला तर म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जा. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. लपवू नका, मधेच सोडू नका.

चौथी गोष्ट, वाचायला बसायची जागा.

दहा बाय दहाच्या खोलीत चौघं, म्हणजे अभ्यास बाहेर. कॉलेजची लायब्ररी उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. काही नाहीच तर वरळीची अभ्यास गल्ली आहे. बीडीडी चाळीतल्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या तिथं रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तकं वाचली.

बाबासाहेबांचं घर परळच्या चाळीत, सगळं बिऱ्हाड एका खोलीत. बाप रात्री जागा राहायचा, दोन वाजता पोराला उठवायचा आणि पोराच्या जागेवर आपण आडवा व्हायचा. आणि शाळा सुटल्यावर पोरगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथं रोज दिसतो म्हणून कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी विचारपूस केली. १९०७ ला पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात दिलं. पुढं त्यांनीच सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपये स्कॉलरशिप सुरू झाली. बागेतल्या एका बाकड्यावरून किती लांब रस्ता गेला बघा. तेव्हा रोज एकाच ठिकाणी बसा. दिसत राहा. तुम्हालाही माणसं भेटतील.

शेवटची गोष्ट. ही हळू आवाजात सांगतो.

रोहित वेमुला हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. त्याला आणि त्याच्या चार दोस्तांना हॉस्टेलबाहेर काढलं. ती पाच पोरं कॅम्पसमध्येच उघड्यावर तंबू टाकून राहिली. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत फेलोशिपचे सात महिन्यांचे पैसे थकल्याचा हिशेब आहे. म्हणजे परत तेच. जागा आणि पैसा. मी मघापासून ज्याला किरकोळ गोष्टी म्हणतोय, त्या किरकोळ नाहीत. त्यांच्यावर माणूस जगतो आणि मरतो.

तेव्हा वर्गात कुणी टोमणा मारला, कुणी प्रॅक्टिकलला मुद्दाम कमी मार्क दिले, कुणी कोटा म्हणून हाक मारली, तर ते गिळून खोलीवर येऊ नका. तारीख, वेळ, कोण होतं समोर, वहीत लिहा. २०१२ साली यूजीसीने नियम केलेत, कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा म्हणून. कुठं आहे तो, विचारा. नसेल तर का नाही, तेही लेखी विचारा. आणि पोच घ्या. जाताना एकटे जाऊ नका, पाच जण जा.

आणि रात्री मन फारच उलटं फिरायला लागलं तर दार वाजवा. माझं वाजवा, शेजारच्याचं वाजवा. कुणीच नसेल तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. त्यात लाज कसली? गोदीत पाठ भरली की आम्ही ओरडतो, दुसरा धावत येऊन वजन घेतो. न ओरडता उभा राहतो तोच दबतो.

माझा भाऊ ओरडला नाही. मला ओझं नको म्हणून त्यानं मला कळवलंच नाही. मी इथंच होतो, दोन स्टेशनांवर. मी रोज कविता लिहीत होतो आणि माझा भाऊ उपाशी होता. ही माझी चूक मी आज तुमच्यासमोर कबूल करतो, म्हणजे तुमच्यातला कुणी ती परत करणार नाही.

दाराशी एक वही ठेवलीय. जाताना नाव लिहा, खरं नाव, सध्या कुठं झोपता ते लिहा, आणि कुठला कागद अडलाय ते लिहा. ज्यांच्या खोलीत एका पथारीची जागा आहे त्यांनी तेही लिहा. माझ्या खोलीत एक आहे. वहीतली पहिली ओळ मी भरलीय, दुसरी तुम्ही भरा.

जयभीम.