पंक्चर



संयोजकांनी मला 'परदेशातील अनुभव' असा विषय दिला होता. अनुभव म्हणजे आयुष्यभर कंपनीत नोकरी केली आणि पावसात भिजलो, एवढाच. म्हणून एकाच रविवारची गोष्ट सांगतो.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला, हेवर्ड्स हीथ नावाच्या गावात राहतो. २०१३ च्या जूनमध्ये एका रविवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर रस्ता ओलांडता येईना. सायकलीच सायकली. आपल्याकडे वारीच्या वाटेवर एखादा मोटारवाला अडकतो, तसा मी पिशवी घेऊन उभा. पिवळ्या जाकिटातल्या स्वयंसेवकाला विचारलं, तर तो म्हणाला, "किती वर्षं राहता इथे?" मी म्हटलं, चार. त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

ही लंडन ते ब्रायटन सायकल राइड. ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर. १९७६ साली मोजक्या सायकलवाल्यांनी सुरू केलेली. पुढे ती ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी होऊ लागली. ही संस्था १९६१ पासून हृदयविकारावरच्या संशोधनाला पैसा पुरवते. सायकल चालवणारा नातेवाइकांकडून, ऑफिसातून वर्गणी गोळा करतो आणि संस्थेला देतो. चार वर्षं मी त्या रविवारी झोपून काढले होते, हे कबूल करतो.

उभा होतो तिथेच एक साठीच्या बाई सायकल हातात धरून थांबल्या होत्या. मागचं चाक बसलेलं. पिशवीत पंक्चरचं सगळं साहित्य होतं, पण त्या त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. मी म्हटलं, मी काढून देतो. घर समोरच. भांडी घासायचा टब पाण्याने भरून आणला. ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, पुसली, पॉलिशपेपरने घासली, सोल्युशन लावलं आणि फुंकर मारत बसलो. घाईने ठिगळ लावलं की सुटतं.

हे मला कुणी शिकवलं, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या वर्गात ज्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, ज्याला आपण सगळे 'पंक्चर' म्हणायचो, त्याने. तासाच्या भाड्याची सायकल तो मला दीड तास द्यायचा आणि वडिलांना वेळ चुकीची सांगायचा. नववीत आम्ही दोघं डबलसीट यवतेश्वरचा घाट चढायला निघालो होतो. दुसऱ्या वळणावर उतरलो आणि पुढचा सगळा घाट सायकल ढकलत नेली. येताना ब्रेक लागेना, चपला घासत खाली आलो.

तो त्याच जानेवारीत गेला होता. सेहेचाळीसाव्या वर्षी, झोपेत, हार्ट अटॅकने. त्याआधी दिवाळीत त्याचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो. "नंतर करतो रे," म्हटलं. केला नाही. हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

बाई वळल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर पिन केलेला फोटो दिसला. त्यांचे यजमान. आदल्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. "पंक्चर नेहमी तोच काढायचा," त्या म्हणाल्या. मग मी रस्त्याकडे नीट बघितलं. बऱ्याच पाठींवर अशी नावं, फोटो. आणि तीच माणसं केळी खात, थट्टामस्करी करत चाललेली. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव निघालं की आवाज खाली जातो. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्या बाईंनी मला सहज विचारलं, "आणि तुमचं कोण?" तेव्हा मी फुटपाथवर टबाशेजारी बसून, ओल्या हातांनी, त्या फोनसकट सगळं सांगितलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या."

गेलो. पाठीवर पांढऱ्या कापडावर देवनागरीत लिहिलं, 'पंक्चर'. ऑफिसातून ६१० पौंड जमले. वाटेत निदान वीस जणांनी विचारलं, हे काय लिहिलंय? अर्थ सांगितला की हसायचे, मग कोण होता ते विचारायचे. ब्रायटनच्या थोडं अलीकडे डिचलिंग बीकन नावाचा चढ आहे. उंची अडीचशे मीटरच्या आत, सातारकराने हसावं अशी. पण अंगात चाळीसेक मैल मुरलेले असतात. दुसऱ्या वळणावर उतरलो आणि सायकल ढकलत नेली. आजूबाजूला निम्मे लोक ढकलतच होते.

ते कापड मी यंदा बरोबर आणलं. दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. काल संध्याकाळी गेलो, कापड दिलं, फोनचंही सांगितलं. त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. चहा मागवला. मग कापड उलगडून वाचलं आणि म्हणाला, "काका, आमच्या बोर्डावर 'पंचर' आहे. बाबांनीच रंगवलाय."

बाई, तुम्ही त्याला त्या शब्दासाठी दोनदा बाकावर उभं केलं होतं. त्याने बोर्ड तसाच रंगवला.